कार्बनने पकडलेल्या फ्लोरिनचे पुढे काय?

पार्श्वभूमी

कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातला बंध सेंद्रिय रसायनशास्त्रात सर्वांत मजबूत एकेरी बंध मानला जातो. तो तोडायला मोलमागे सुमारे 485 किलोज्यूल ऊर्जा लागते. मातीतले जिवाणू, सूर्यप्रकाश, शरीरातली विकरे यांपैकी कोणालाच ते सहजी जमत नाही. 1938 साली ड्यूपॉन्टच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना टेफ्लॉन योगायोगाने सापडले आणि पुढच्या काही दशकांत या बंधावर एक मोठा उद्योग उभा राहिला. न चिकटणारे तवे, डाग न धरणारे कापड, तेल न झिरपू देणारा कागद, विमानतळांवर पेटलेले इंधन विझवणारा फेस अशा नाना वस्तूंत ही रसायने गेली. पीएफएएस या नावाखाली आज हजारो संयुगे मोडतात. त्यांतली पीएफओए आणि पीएफओएस ही आठ कार्बन अणूंच्या साखळीची दोन संयुगे सर्वाधिक अभ्यासली गेली आहेत.

ही रसायने पिण्याच्या पाण्यात आहेत हे जगाला नीट कळले ते अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गमुळे. तिथल्या ड्यूपॉन्टच्या कारखान्यातले पीएफओए ओहायो नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांच्या पाण्यात उतरले होते. रॉबर्ट बिलॉट या वकिलाने चालवलेल्या खटल्याच्या तडजोडीतून सुमारे 69 हजार लोकांच्या रक्ताची आणि आरोग्याची माहिती गोळा झाली. तिच्या आधारे नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने सहा आजारांशी पीएफओएचा संभाव्य संबंध असल्याचा निष्कर्ष काढला. त्यांत मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार आणि वाढलेले कोलेस्टेरॉल होते. 2023 च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. पीएफओएसला संभाव्य कर्करोगकारकांच्या गटात ठेवले.

त्या खटल्याच्या काळातच, 2006-07 च्या सुमारास, ओहायोतल्या लिटल हॉकिंगमध्ये आणि मिनेसोटातल्या ओकडेलमध्ये दाणेदार सक्रिय कार्बनचे गाळणीथर बसवले गेले. पीएफएएससाठी मुद्दाम शोधलेले असे ते तंत्र नव्हते. पाण्याची चव आणि वास सुधारण्यासाठी, कीटकनाशके आणि द्रावके काढण्यासाठी जलशुद्धीकरण केंद्रे कार्बन कित्येक दशके वापरत होती. तो हाताशी होता, चालवायला सोपा होता आणि पीएफओए अडवत होता. त्यामुळे कार्बन ते पकडतो का, हा प्रश्न बऱ्याच अंशी तेव्हाच सुटला. किती काळ पकडतो, त्या घराण्यातल्या कोणत्या संयुगांना पकडतो आणि पकडलेल्याचे पुढे काय होते, हे तीन प्रश्न मात्र उरले. त्यांतला तिसरा सर्वांत दुर्लक्षित राहिला आणि माझ्या मते तोच सर्वांत निर्णायक आहे.

कार्बन काय करतो आणि कुठे थकतो

कोळसा किंवा नारळाची करवंटी हवेशिवाय तापवून, मग वाफेने किंवा रसायनाने तिच्या आत सूक्ष्म रंध्रे पाडली की सक्रिय कार्बन मिळतो. त्याच्या एका ग्रॅमच्या आतल्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरते. पीएफओएच्या रेणूची फ्लोरिनने मढवलेली शेपटी पाण्याला नकोशी असते, म्हणून ती कार्बनच्या भिंतीला जाऊन चिकटते. रेणूचे डोके मात्र ऋणभारित असते आणि पाण्यातच राहू पाहते. शेपटी जितकी लांब तितकी पकड घट्ट. म्हणूनच आठ कार्बनी संयुगे चांगली अडकतात, चार कार्बनी फार कमी. साखळी सारखीच असेल तर सल्फोनिक आम्ले कार्बोक्सिलिक आम्लांपेक्षा जास्त चिकटतात आणि सरळ साखळीची संयुगे फाटे असलेल्यांपेक्षा जास्त. स्वीडनमधल्या उप्साला इथे, प्रदूषित भूजलावर केलेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्तंभ-चाचण्यांत हा क्रम स्पष्ट दिसला. तो इतरत्रही पुन्हा पुन्हा आढळला आहे, आणि या क्षेत्रात एकमत असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक आहे.

प्रत्यक्षातल्या अडचणीचे मूळ प्रमाणात आहे. रोज 10 कोटी लिटर पाणी देणारे केंद्र घ्या आणि त्याच्या पाण्यात लिटरमागे 50 नॅनोग्रॅम पीएफएएस आहे असे समजा. दिवसाला पकडायचे रसायन भरते अवघे 5 ग्रॅम, वर्षाला दोन किलोच्या आत. त्याच पाण्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आणि मातीतून आलेला विरघळलेला सेंद्रिय कार्बन लिटरमागे 2 मिलिग्रॅम जरी धरला, तरी तो दिवसाला 200 किलो होतो. कार्बनच्या रंध्रांसाठी या दोघांची स्पर्धा चालते. सेंद्रिय द्रव्य जागा तर अडवतेच, शिवाय मोठे रेणू रंध्रांची तोंडे बंद करतात. पाण्याला थरातून जायला दहा मिनिटे द्यायची तर या केंद्राला जवळजवळ 700 घनमीटर, म्हणजे तीनशेहून अधिक टन कार्बन लागेल. दोन किलोहून कमी रसायनासाठी एवढा डोंगर उभारायचा आणि तो भरत आला की बदलायचा. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात मिळालेले आकर्षक आकडे नदीच्या पाण्यात का टिकत नाहीत, याचे उत्तर या गुणोत्तरात आहे. केवळ शुद्ध पाण्यातल्या, मिलिग्रॅमच्या पातळीवरच्या चाचण्यांवर एखादे नवे द्रव्य श्रेष्ठ ठरवणारे लेख म्हणूनच जपून वाचावे लागतात.

थर किती काळ टिकेल हे कायद्याने घातलेल्या मर्यादेवरही ठरते, आणि ही गोष्ट चर्चेत अनेकदा निसटते. लिटल हॉकिंगच्या काळात अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या आदेशातली कृतिपातळी पीएफओएसाठी लिटरला 500 नॅनोग्रॅम होती. 2016 मध्ये पीएफओए आणि पीएफओएस मिळून 70 ची सूचना आली. एप्रिल 2024 मध्ये दोघांसाठी प्रत्येकी 4 नॅनोग्रॅमची बंधनकारक मर्यादा आली, म्हणजे 100 कोटी लिटर पाण्यात 4 ग्रॅम. कार्बन तोच, पाणी तेच. पण मर्यादा खाली आली की थर 'संपला' असे म्हणण्याची वेळ बरीच लवकर येते. युरोपीय संघाने वेगळी वाट धरली. तिथे 20 संयुगांच्या बेरजेला लिटरमागे 0.1 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. बेरीज मोजायची म्हटली की कार्बनमधून लवकर निसटणारी लहान संयुगेही हिशेबात येतात. 'कार्बन पुरेसा आहे का' या प्रश्नाची दोन देशांतली उत्तरे वेगळी आली, तर त्यातला बराचसा फरक मोजण्याच्या पद्धतीतला असू शकतो.

तीन भूमिका

पहिली भूमिका जलसंस्थांच्या अभियंत्यांची. दाणेदार कार्बन माहितीचा आहे, भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतो, त्यासाठी दाबयंत्रणा लागत नाही, आणि पीएफएएसबरोबर इतर अनेक घातक द्रव्येही तो काढतो. नॉर्थ कॅरोलायनातले विल्मिंग्टन या भूमिकेचे ठळक उदाहरण आहे. केप फिअर नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या केमोर्सच्या कारखान्यातून जेनएक्स हे पीएफएएस घराण्यातले रसायन शहराच्या पाण्यात येत असल्याचे 2017 मध्ये उघड झाले. तिथल्या जलप्राधिकरणाने 4 कोटी डॉलरहून अधिक खर्च करून आठ खोल कार्बन-थर उभारले आणि ऑक्टोबर 2022 मध्ये ते सुरू केले. नळाच्या पाण्यातली पातळी त्यानंतर झपाट्याने खाली आली. या भूमिकेचे बळ असे, की लोक आज पाणी पीत आहेत आणि उपायही आजच हवा आहे. तिची दुबळी बाजू खर्चात आहे. अमेरिकी पर्यावरण संस्थेने आपल्या 2024 च्या नियमाचा देशव्यापी खर्च वर्षाला सुमारे दीड अब्ज डॉलर धरला. जलसंस्थांच्या संघटनेचा अंदाज त्याच्या दुपटीहून अधिक होता. मे 2025 मध्ये पर्यावरण संस्थेने पीएफओए आणि पीएफओएसची मर्यादा ठेवून अंमलाची मुदत 2031 पर्यंत वाढवण्याचा आणि इतर संयुगांच्या मर्यादा मागे घेण्याचा इरादा जाहीर केला.

दुसरी भूमिका आयन-विनिमय रेझिन आणि पटल-गाळणी यांची. रेझिन रेणूचे ऋणभारित डोके पकडते, त्यामुळे काही लहान साखळीच्या संयुगांवर, विशेषतः सल्फोनिक आम्लांवर, ते कार्बनपेक्षा सरस ठरते. त्याला संपर्ककाळ दोन-तीन मिनिटे पुरतो, म्हणून टाक्याही लहान लागतात. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीने अनेक कार्बन आणि रेझिन शेजारीशेजारी लावून तुलना केली आणि आपल्या बऱ्याच विहिरींसाठी रेझिन निवडले. जागा कमी असलेल्या, स्वच्छ भूजलाच्या ठिकाणी हा निर्णय पटण्यासारखा आहे. पण पीएफएएससाठीचे रेझिन सहसा एकदाच वापरून जाळले जाते, आणि पाण्यात सल्फेट किंवा नायट्रेट जास्त असेल तर त्याची क्षमता घटते. उलट परासरण म्हणजे आरओ जवळपास सगळी संयुगे अडवते. मात्र ती नाकारलेल्या पाण्यात दाट होऊन बाहेर पडतात. कार्बनवर 'तो फक्त जागा बदलतो' असा जो आक्षेप घेतला जातो, तो रेझिनला आणि आरओलाही तितकाच लागू आहे. हा सगळ्याच विलगीकरणाचा स्वभाव आहे. तिघांतून निवड करताना निरुपयोगी झालेला कार्बन, जाळायचे रेझिन आणि दाट क्षारपाणी यांपैकी कशाची विल्हेवाट त्या जागी खात्रीने लावता येईल, हेही तोलले पाहिजे.

तिसरी भूमिका नव्या द्रव्यांच्या संशोधकांची. कार्बनच्या पृष्ठभागावर नायट्रोजनयुक्त गट बसवून किंवा धनभारित बहुवारिकाचा थर देऊन ऋणभारित डोक्यालाही ओढून घ्यायचे, असा एक प्रवाह आहे. शेतातल्या काडीकचऱ्यापासून किंवा सांडपाण्याच्या गाळापासून जैवकोळसा करायचा, असा दुसरा. ग्राफीन आणि कार्बन नळ्यांचा तिसरा. यांतली मूळ कल्पना योग्य आहे. शेपटी लहान झाली की तिच्यावर विसंबता येत नाही, तेव्हा पकड डोक्याकडून घ्यायला हवी. शिवाय लहान साखळीच्या रेणूंसाठी बारीक रंध्रे हवीत आणि तिथपर्यंत पोचायला मधली, दोन नॅनोमीटरहून रुंद वाटही हवी. नुसते क्षेत्रफळ वाढवून काम भागत नाही. यावर विरोधकांचे म्हणणे असे, की धनभारित पृष्ठभाग पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यालाही तितक्याच आनंदाने बोलावतो, कारण तेही बहुतांशी ऋणभारितच असते. भुकटीच्या रूपातले द्रव्य पाण्यातून परत गोळा करणे हाही प्रश्न आहे. जैवकोळशाबद्दल मला खरी आशा वाटते, कारण कच्चा माल स्वस्त आणि स्थानिक आहे. पण त्याचे अंतर्गत क्षेत्रफळ व्यापारी सक्रिय कार्बनपेक्षा सहसा कमी असते, आणि सांडपाण्याच्या गाळात मुळातच पीएफएएस असू शकते. खऱ्या पाण्यावर वर्षभर चाललेल्या थरांचे निष्कर्ष हाती येईपर्यंत इथे 'पर्याय मिळाला' असे म्हणणे घाईचे होईल.

लहान साखळ्यांचा पेच

उद्योगांनी आठ कार्बनी संयुगे सोडून चार-सहा कार्बनी संयुगांकडे मोर्चा वळवला, याचे श्रेय बरेचसे कायद्याला आहे. स्टॉकहोम करारात पीएफओएस 2009 मध्ये, पीएफओए 2019 मध्ये आणि त्याच घराण्यातले पीएफएचएक्सएस 2022 मध्ये आले. पण या बदलाने पाणी शुद्ध करणाऱ्यांचे काम अवघड करून ठेवले. लहान संयुगे थरातून लवकर बाहेर पडतात, इतकेच नाही. आधी अडकलेल्या लहान संयुगांना मागून आलेली लांब संयुगे हुसकावून लावतात, आणि मग काही काळ थरातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लहान संयुगांचे प्रमाण आत येणाऱ्या पाण्यापेक्षाही जास्त भरते. नियमाच्या यादीत ते संयुग नसेल तर हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. साखळीच्या सगळ्यांत टोकाला ट्रायफ्लुरोअसेटिक आम्ल आहे. त्यात कार्बनचे अवघे दोन अणू असतात. काही कीटकनाशके आणि शीतकवायू यांच्या विघटनातून ते तयार होते, युरोपातल्या पाण्यात वाढत चालले आहे, आणि सक्रिय कार्बन त्याला जवळपास अडवतच नाही. त्याच्या विषारीपणाबद्दल मतभेद आहेत. जर्मनीने 2024 मध्ये त्याला प्रजननाला घातक ठरवण्याचा प्रस्ताव मांडला; उद्योगांच्या मते सध्याच्या पातळीत त्याचा धोका नाही. हा वाद कसाही मिटो, इतक्या लहान रेणूवर कार्बन हा उपाय नाही हे मान्य करावे लागते. त्याचा बंदोबस्त उगमापाशीच करावा लागेल.

भरलेल्या कार्बनचे काय करायचे

या प्रश्नाकडे डोळेझाक केली तर काय होते ते जपानमधल्या किबिचुओ गावाने दाखवून दिले. ओकायामा प्रांतातल्या या गावाच्या एका शुद्धीकरण केंद्रातल्या पाण्यात पीएफओएस आणि पीएफओए मिळून लिटरला 1,400 नॅनोग्रॅम आढळल्याचे 2023 मध्ये जाहीर झाले. जपानचे तात्पुरते लक्ष्य होते 50. शोध घेतल्यावर माग निघाला धरणाच्या वरच्या बाजूला वर्षानुवर्षे उघड्यावर ठेवलेल्या पोत्यांपाशी, आणि त्या पोत्यांत होता वापरलेला सक्रिय कार्बन. कुठल्या तरी द्रवातून पीएफएएस काढण्याचे काम त्याने चोख केले होते. पुढे पावसाने ते त्याच्यातून काढून पिण्याच्या पाण्यात नेले. अधिशोषण उलटू शकते हे पाठ्यपुस्तकात असतेच. इथे त्याची किंमत गावकऱ्यांच्या रक्ताने मोजली, आणि तिथे सार्वजनिक खर्चाने रक्ततपासणी करावी लागली.

वापरलेल्या कार्बनला आज तीन वाटा आहेत. कचराभूमीत पुरला तर वरच्यासारखा धोका उरतो, कारण तिथून निघणारे पाणी पुन्हा कुठेतरी जातेच. जाळला तर कार्बन गेला आणि खर्च वाढला. तिसरी वाट पुनर्सक्रियणाची: भट्टीत 800 ते 1,000 अंश सेल्सिअसला तापवून अडकलेले रेणू तोडायचे, वायू नंतरच्या ज्वलनकक्षात जाळायचे, तयार झालेले हायड्रोजन फ्लोराइड अल्कलीने धुऊन घ्यायचे आणि कार्बन परत थरात भरायचा. प्रत्येक फेरीत साधारण दहा टक्के कार्बन घटतो, तरी नव्या कार्बनपेक्षा हे स्वस्त पडते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उद्योगातल्या तज्ज्ञांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात पूर्ण आकाराच्या भट्टीत मोजलेली संयुगे 99.99 टक्क्यांहून अधिक नष्ट झाल्याचे दिसले. टीकाकारांचा मुद्दा इथेच आहे. मोजलेली संयुगे गायब झाली म्हणजे सगळे फ्लोरिन खनिजरूपात आले असे सिद्ध होत नाही. अर्धवट तुटलेले लहान, वायुरूप तुकडे यादीत नसतील तर ते दिसणारच नाहीत. कार्बन टेट्राफ्लुराइड तर मोडायला सुमारे 1,400 अंश तापमान मागते आणि वातावरणात हजारो वर्षे टिकते. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेतही या अनिश्चिततेची कबुली आहे, आणि धुराड्यातले असे वायुरूप तुकडे मोजण्याची प्रमाण पद्धत त्याच वर्षी आली.

यावर दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकल्यावर मला असे वाटते, की पुनर्सक्रियण ही आजची सर्वांत समर्थनीय वाट आहे, पण भट्टीत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या फ्लोरिनचा ताळेबंद जुळवून दाखवण्याच्या अटीवर. परिपूर्ण नाशाची वाट पाहत लोकांना दूषित पाणी पाजणे योग्य नाही, हा अभियंत्यांचा आक्षेप खरा आहे. मात्र त्यातून इतकेच निघते, की थर आज बसवावा. त्यातला कार्बन शेवटी कुठे जाणार हे कंत्राटात लिहू नये असे काही त्यातून निघत नाही. दरम्यान नव्या वाटाही तयार होत आहेत. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधल्या संशोधकांनी वापरलेला कार्बन अल्कलीयुक्त अतितप्त पाण्यात दाबाखाली ठेवून त्यावरचे पीएफएएस तोडले आणि कार्बनही पुन्हा वापरण्याजोगा ठेवला. अतिक्रांतिक पाण्यातले ऑक्सिडीभवन आणि विद्युतरासायनिक ऑक्सिडीभवन यांवरही काम चालू आहे. या सगळ्यांना दाट द्रव्य लागते, आणि विरळ पाण्यातून दाट द्रव्य करून देण्याचे काम कार्बनच करतो. त्या अर्थाने ही तंत्रे कार्बनची पूरक आहेत.

एक वेगळी शाखा कार्बनला थेट जमिनीत पुरते. अत्यंत बारीक कार्बन-कण भूजलाच्या वाटेत सोडून तिथेच पीएफएएस अडवायचे, असा प्रयोग मिशिगनमधल्या कॅम्प ग्रेलिंग इथे 2018 मध्ये सुरू झाला. त्यात पाणी उपसावे लागत नाही, त्यामुळे खर्च कमी. परंतु इथे रसायन काढले जात नाही, थोपवले जाते. हा अडथळा कित्येक दशके टिकेल हा अंदाज प्रारूपांवर उभा आहे, आणि किबिचुओनंतर अशा आश्वासनांना दीर्घ देखरेखीची जोड मागणे रास्त आहे.

भारतापुढचा प्रश्न

भारताशी जोडलेला एक धागा इटलीतून येतो. तिथल्या व्हेनेतो प्रांतात त्रिसिनो इथल्या मितेनी कारखान्यामुळे तीन लाखांहून अधिक लोकांच्या परिसरातले पाणी दूषित झाल्याचे 2013 मध्ये समोर आले. तिथल्या जलकेंद्रांनाही कार्बनचाच आधार घ्यावा लागला. कारखाना 2018 मध्ये दिवाळखोरीत गेला आणि जून 2025 मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय उद्योगसमूहाने घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. यावरून तिथे प्रदूषण झाले असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. पण अशा उत्पादनाच्या आसपासचे पाणी पहिल्या दिवसापासून मोजत राहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. आपल्या पेयजलाच्या आयएस 10500:2012 या मानकात पीएफएएससाठी मर्यादा नाही, आणि मर्यादाच नसेल तर नियमित मोजणीची सक्तीही येत नाही. चेन्नईच्या जलस्रोतांत आयआयटी मद्रासच्या संशोधकांना ही संयुगे आढळली आहेत, तेव्हा हा दूरचा विषय राहिलेला नाही.

घराघरांतल्या शुद्धीकरण यंत्रांत कार्बनची नळी असतेच, मग काळजी कशाची, असे कोणी विचारू शकेल. अमेरिकेतल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट या विद्यापीठांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत घरगुती कार्बन-गाळण्या सरासरी 73 टक्के पीएफएएस काढताना दिसल्या, पण एका यंत्रापासून दुसऱ्यापर्यंत फरक प्रचंड होता. आरओ आणि दुहेरी टप्प्याच्या यंत्रांनी 90 टक्क्यांहून अधिक काढले. म्हणजे नळी आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ती कधी बदलली यावर सगळे अवलंबून आहे, आणि पीएफएएस पाण्याला रंग, वास, चव काहीच देत नसल्याने नळी भरल्याचे घरात कोणालाही कळत नाही. बदललेली नळी कचऱ्याच्या गाडीत जाते, तोही किबिचुओचाच धडा लहान प्रमाणावर.

भारताकडे या बाबतीत एक जमेची बाजू आहे. करवंटीपासून सक्रिय कार्बन बनवण्याचा मोठा उद्योग दक्षिणेत आहे आणि त्याचा माल जगभर जातो. पण या कार्बनची रंध्रे बहुतांशी फारच बारीक असतात. पीएफओएससारख्या मोठ्या रेणूंसाठी, त्यातही सेंद्रिय द्रव्य भरपूर असलेल्या पाण्यात, दगडी कोळशापासून बनवलेला कार्बन बहुतेक तुलनांत अधिक काळ टिकला आहे. करवंटीच्या कार्बनची रंध्ररचना बदलून ही उणीव भरून काढता येईल का, हे इथल्या प्रयोगशाळांनी हाती घ्यावे असे काम आहे. परदेशी भूजलावरचे निष्कर्ष इथे तसेच्या तसे लागू पडणार नाहीत. आपल्या नद्यांत सांडपाण्याचा वाटा मोठा, पावसाळ्यात गढूळपणा आणि सेंद्रिय भार अचानक चढतो, आणि वर्षभराचा थर ऑगस्टच्या एका महिन्यात किती भरतो हे त्याच पाण्यावर चालवून पाहावे लागेल. त्या चाचणीत आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी दर पंधरवड्याला लिटरमागे नॅनोग्रॅमच्या पातळीपर्यंत तपासणारी वस्तुमान-वर्णपटमापकाची सोय, आणि वापरलेला कार्बन घेऊन फ्लोरिनचा हिशेब देणारी एखादी भट्टी, या दोन गोष्टी थरासोबतच उभ्या कराव्या लागतील.